जुनी मोटार घेताय? आधी कार्पेट उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकातले छोट्या जाहिरातींचे पान जुन्या मोटारींनी भरून जाते. मॉडेल, साल, किलोमीटर, ‘एकहाती वापर’, ‘डॉक्टरांची गाडी’ आणि शेवटी किंमत. घेणाऱ्याला जे कळायला हवे, त्यातले यात जवळजवळ काहीच नसते. जून ते सप्टेंबरमध्ये पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊनपुसून, सुगंधी होऊन याच सुमारास बाजारात उतरतात, हे मात्र या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘कोणत्या कंपनीची गाडी चांगली?’ असे लोक विचारतात. मुंबईत हा पहिला प्रश्न नव्हे. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या दोन जुन्या गाड्यांत जेवढे अंतर असते, तेवढे पुष्कळदा दोन कंपन्यांतही नसते. गाडी पावसाळ्यात कुठे उभी होती, कशा रस्त्यावर चालली आणि कागद कोणाच्या नावावर आहेत, हे आधी विचारावे. कंपनी त्यानंतर.

सुरुवात पाण्यापासून करतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो अपवाद सोडला तरी हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे किंवा कुर्ल्यातला मिठीकाठ इथे पाणी तुंबायला तेवढा पाऊस लागत नाही. मोठी भरती आणि जोराची सर एका वेळी आली की पाणी समुद्रात उतरत नाही, रस्त्यावर आणि इमारतींच्या बेसमेंटमध्ये साठते. त्यात गटाराचे पाणी असते आणि खाडीजवळ खारटपणाही असतो. म्हणून पाणी ओसरल्यावर गाडी सुरू झाली, चालली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वायरिंगच्या जोडण्यांत शिरलेला गाळ आणि क्षार आपले काम सावकाश करतात. दोन-चार महिन्यांनी कधी पॉवर विंडो बंद पडते, कधी एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो, तर कधी गाडी मध्येच बंद होते. तोवर विकणारा फोन उचलत नाही.

पाणी किती चढले होते यावर सगळे अवलंबून. नुसते कार्पेट भिजले असेल आणि सीट काढून ते लगेच वाळवले असेल, तर गाडी सावरते. सीटच्या बैठकीपर्यंत पाणी आले असेल तर सीटखालचे पिवळे कनेक्टर बुडालेले असतात. ते एअरबॅग आणि सीटबेल्ट-प्रिटेन्शनरचे, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणाऱ्या यंत्राचे असतात. डॅशबोर्डपर्यंत चढले असेल तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मग ती दुरुस्त झाली आहे असे कोणीही सांगो.

तपासणी मात्र साधी आहे, हातातला टॉर्च आणि जाड नखे पुरतात. पुढच्या दोन्ही दारांच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी ओढून काढा, कार्पेटची कड उचला आणि खालचा फोम दाबा. वरचे कार्पेट चार दिवसांत वाळते, फोम महिनाभर ओल धरून ठेवतो. सीटचे रूळ आणि ते जमिनीला धरणारे बोल्ट बघा. बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर सीट उतरवलेल्या आहेत, आणि सीट उगाच कोणी उतरवत नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आत गुंडाळलेल्या टोकाशी मातकट रेघ दिसली तर विषय तिथेच संपला. बेल्टच्या बुडाशी लेबल असते, त्यावर बहुधा उत्पादनाची तारीख असते. गाडी २०१९ ची आणि चारही बेल्ट २०२४ चे, तर का बदलले ते विचारा. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. डॅशबोर्डखाली पेडलच्या वर मान घालून ब्रॅकेटचे स्क्रू पाहा, तिथे सहसा कोणी पुसायला जात नाही. फ्यूजच्या डब्याचे झाकण उघडा. पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी असेल तर गाडी सोडून द्या. हेडलाइटच्या आत पाण्याच्या पातळीची आडवी रेघ आहे का तेही पाहा. आणि गाडीत शिरताच अत्तराचा भपकारा आला, तर खिडक्या बंद करून दहा मिनिटे एसीऐवजी गरम हवेचा ब्लोअर लावा. कुबट वास असेल तर तो वर येतो.

इथे एक गफलत टाळायला हवी. डावीकडच्या पुढच्या सीटसमोरचे कार्पेट ओले असले म्हणजे गाडी पुरातच होती असे नाही. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते पाणी आत गळते. ते स्वच्छ असते, त्यात गाळ नसतो, आणि ओल एकाच बाजूला असते. हे किरकोळ काम आहे. सनरूफच्या निचरा-नळ्या तुंबल्या तर छताच्या कापडावर डाग पडतात, तेही पुराचे नव्हेत.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू पाहणे, हा सर्वांत महागडा प्रकार. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत याला ‘परिणामी नुकसान’ ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे कव्हर लागते. किंचित वाकलेला रॉड घेऊन इंजिन चालतेही, पण नरम चालते, थरथरते. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, इतरांपेक्षा बरेच कमी भरले तर संशय घ्यावा. कॉम्प्रेशन तपासायला गॅरेजमध्ये तासभर पुरतो. चार-पाच लाखांच्या व्यवहारात एवढा तास काढायलाच हवा.

या गाड्या बाजारात येतात कशा, त्याचाही हिशोब आहे. विम्यातली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्याने उतरते: एक ते दोन वर्षांत २० टक्के, तीन ते चार वर्षांत ४०, चार ते पाच वर्षांत ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. म्हणजे दहा लाखांची गाडी पाचव्या वर्षात पाच लाखांची होते, आणि पावणेचार लाखांच्या वर दुरुस्ती गेली की ती भंगार म्हणून लिलावात जाते. वर्कशॉपच्या दराने पावणेचार लाखांचे असलेले काम बाहेरचे गॅरेज लाखभरात ‘चालू’ करून देते. चालू होते, दुरुस्त होत नाही. आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, याची कसलीही खूण उरत नाही.

खूण दुसरीकडे सापडते. विकणाऱ्याची चालू पॉलिसी मागून घ्या आणि तिच्यावरची नो क्लेम बोनसची टक्केवारी बघा. दावा न करता वर्षे गेली तर ती २०, २५, ३५, ४५ आणि ५० अशी चढत जाते. सहा वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य किंवा २० टक्के असेल, तर अलीकडे काहीतरी घडले आहे. बोनस जपणारे वेगळे कव्हर असेल, मालकाने आधीच्या गाडीवरचा बोनस आणला असेल किंवा पॉलिसीत ९० दिवसांहून जास्त खंड पडला असेल, तर हा हिशोब चुकतो. म्हणून नुसते आकडे न पाहता कारण विचारावे आणि मालकाला विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास मागवायला सांगावे. ज्याच्या मनात काही नाही तो मागवतो.

आता किलोमीटर. मीटर मागे फिरवणे हा डिजिटल मीटरच्या जमान्यातही चालणारा धंदा आहे, फक्त हत्यारे बदलली. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळतात. प्रत्येक नोंदीत तारीख आणि किलोमीटर असतात आणि मालक सोबत असला तर त्या दाखवल्या जातात. त्या चढत्या क्रमाने असायला हव्यात, आणि मध्येच दोन वर्षे कोरी असतील तर त्या दोन वर्षांत गाडी कुठे होती ते विचारावे. टायरवरचा चार आकडी शिक्काही बोलतो: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मीटरवर २८ हजार आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, असे असेल तर एक तर टायर विनाकारण बदलले किंवा मीटर खोटा आहे. पहिली शक्यता फार क्वचित. पेडलवरचे रबर, स्टिअरिंगची पकड, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड यांची झीजही खोटे बोलत नाही. पण पेडलचे रबर कोरे करकरीत असेल, तर तेही नुकतेच बदललेले असते.

मात्र कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, ही समजूतच मुंबईला लागू नाही. हिशोब करून पाहा. शहरात सरासरी ताशी २० किलोमीटर धरले, तर ४० हजार किलोमीटरला इंजिन दोन हजार तास चालते. हायवेवर सरासरी ६० ने तेच अंतर सुमारे साडेसहाशे तासांत होते. म्हणजे घाटकोपर-वांद्रे करणारी ४० हजारांची गाडी पुणे-नाशिक करणाऱ्या लाखभर किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त तास चाललेली असू शकते. क्लच तर कितीतरी जास्त वेळा दाबला गेलेला असतो. दुसऱ्या टोकाला लोकलने ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्या: आठ वर्षांत १८ हजार. त्या फक्त रविवारी मंडईपर्यंत जातात, इंजिन कधी पुरते तापत नाही, ऑइलमध्ये ओल राहते. शिवाय ‘कुठे चालली आहे एवढी’ म्हणून मालक दोन-दोन वर्षे ऑइल बदलत नाही. ऑइल बदलायचे ते बहुतेक गाड्यांत १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल तेव्हा. अशा गाडीचे टायर, बॅटरी, रबरी होज वयानेच संपलेले असतात, आणि बोनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असण्याची शक्यता वेगळीच. मी निवडायचे म्हटले तर वर्षाला आठ-दहा हजार चाललेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी घेईन. १८ हजारांची नाही.

पत्र्याबद्दल थोडे. पाच वर्षांत एकही ओरखडा नसलेली गाडी मुंबईत असूच शकत नाही. असली तर ती रंगवलेली आहे. बंपर, दार, फेंडर रंगवलेले असले तर घाबरायचे कारण नाही. रंगाची जाडी मोजणारे मीटर कारखान्यातल्या रंगाला साधारण ८० ते १५० मायक्रॉन दाखवते, दुसऱ्यांदा मारलेल्याला २०० च्या पुढे, आणि खाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ५०० च्या वर. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. बघायचे ते छत, दारांमधले खांब, बोनेटखालचे एप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे) आणि चेसिसचे दांडे. एप्रनवरचे कारखान्यातले स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. तिथे खडबडीत वेल्डिंग किंवा नवा सीलंट दिसला की पुढे पाहू नये. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातला मार्का आणि सालाची खूण जुळते का बघा. एक काच दगडाने फुटते. समोरची, बाजूची आणि मागची अशा तीन काचा वेगळ्या असतील तर गाडी उलटली होती का, हे विचारावे लागते. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राकाठी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीत आणि सायलेन्सरला गंजतात. विकायच्या आठवड्यातच मारलेले काळेभोर अंडरकोटिंग म्हणूनच शंकेची जागा. ते गंज थांबवत नाही, झाकते.

इंजिन थंड असताना पाहायचे, ही अट सोडू नका. तुम्ही पोचण्याआधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर बोनेटला हात लावून कळते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी या. स्टार्ट करताच निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसला तर तो फुटलेल्या हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) असू शकतो, पण पावसाळ्यात आणि लहान फेऱ्यांच्या गाडीत नुसत्या ओलीनेही तो धरतो. अशा वेळी कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का ते पाहून ठरवावे. कीर्तनकारासारखा बोलणारा एजंट शेजारी असेल तर त्याला गाडीबाहेर ठेवा, कारण आवाज ऐकायचे आहेत.

चाचणीला मोकळा रस्ता नको. पेव्हर ब्लॉकचा एखादा तुकडा, दोन-तीन स्पीडब्रेकर आणि फ्लायओव्हरचा चढ एवढे हवे. पेव्हर ब्लॉकवर ‘टक-टक’ असा बारीक आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा असतो आणि तो स्वस्तात जातो. ‘धप’ असा जड आवाज लोअर आर्मच्या बुशचा किंवा शॉकअपच्या माउंटचा. स्टिअरिंगमध्येच हाताला ठोका जाणवला तर स्टिअरिंगचा रॅक (चाके वळवणारा दांडा) गेला, आणि तो महाग आहे. क्लच तपासायला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले पण वेग वाढला नाही तर प्लेट घसरते आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरीच जास्त. एसी सुरू ठेवून दहा मिनिटे उभ्या गाडीत बसा. चालत्या गाडीत थंड आणि उभ्या गाडीत कोमट, असे झाले तर कंडेन्सरचा पंखा किंवा कॉम्प्रेसर बघावा लागेल. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागतच नसेल, तर कोणीतरी दिवाच बंद केला आहे.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी प्रकार विचारावा. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचे काम यंत्र करते. दुरुस्ती सोपी, झटके जास्त. कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचची ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची पेटी ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना तापते आणि तिचे काम खर्चिक. मुंबईसाठी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी) बरी, पण सीव्हीटीचे ऑइल वेळेवर बदलल्याची नोंद बघूनच.

डिझेलबद्दल स्पष्टच लिहितो: शहरातल्या शहरात फिरायला एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (त्या वेळी लागू झालेल्या प्रदूषण-मानकाची) डिझेल गाडी घेऊ नका. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. काजळी जाळायला एक्झॉस्ट खूप तापावा लागतो, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत, हायवेच्या वेगाने गाडी चालवावी लागते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर ते कसे व्हायचे? जाळण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा अर्धवट राहतो, जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. जुन्या बीएस-६ डिझेलमध्ये ही पातळी आवर्जून पाहावी. दर आठवड्याला गावी किंवा पुण्याला जाणाऱ्यांना मात्र डिझेल अजूनही परवडते.

सीएनजीचा हिशोब भावनेने नको, वहीत मांडावा. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरला १५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी ८० रुपये आणि किलोला २० किलोमीटर, म्हणजे ४ रुपये. वाचले ३. सीएनजी मॉडेलला ९० हजार जास्त मोजले असतील तर ते ३० हजार किलोमीटरने वसूल होतात. महिना ५०० किलोमीटर चालणाऱ्याला पाच वर्षे लागतील, १,५०० चालणाऱ्याला वीस महिने. वर डिकी जाते आणि पंपावरची रांग येते. जुन्या सीएनजी गाडीत सिलिंडरवरची धातूची पट्टी वाचा: हायड्रो टेस्ट (सिलिंडरची पाण्याच्या दाबाखालची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. किट बाहेरून बसवलेले असेल तर आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असे चढलेले असलेच पाहिजे, आणि पॉलिसीवरही. नसेल तर अपघातानंतर दाव्याचे भांडण ठरलेले. पेट्रोलवाल्यांनी एवढे बघावे, की एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल चालेल अशा बनतात. त्याआधीच्या गाडीला ई-२० चालते का हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. जुनी इलेक्ट्रिक घेताना बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मागा आणि हमी दुसऱ्या मालकाला लागू आहे का ते कंपनीकडून लिहून घ्या. काहींची आजन्म हमी पहिल्याच मालकापुरती असते. सोसायटीत चार्जर बसवायची परवानगी गाडीच्या आधी घ्यावी. तसेच पझल पार्किंग (यंत्राने गाड्या वर-खाली सरकवणारे) असेल तर पाटीवरची उंची आणि वजन गाडीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा; एसयूव्ही बुक करून मग ती प्लेटवर बसत नाही हे कळणारे या शहरात कमी नाहीत.

सुरक्षेबाबत सालांकडे लक्ष ठेवले तरी पुष्कळ काम होते. २०२२ पासून बनलेल्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये एकच असू शकते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना धडक-चाचणीवरून तारे देणारी योजना, सुरू झाली, पण तारे कोणत्या व्हेरिएंटला मिळाले ते वाचावे.

कागदांवर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात, आणि गाडीपेक्षा जास्त मनस्ताप तिथूनच येतो. टोकन देण्याआधी परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, नोंदणी कधीपर्यंत हे बघा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच वर्षे वाढवायला नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि प्रत्यक्ष तपासणी. म्हणून चौदा वर्षांची ‘स्वस्त’ गाडी तेवढी स्वस्त नसते. चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा. पेन्सिलने कागदावर घेतलेला ठसा आरसीशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. ई-चलने वेगळ्याने तपासा, ती विकणाऱ्याने आधी भरावीत. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीवर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही पाहा.

बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ‘टीटीओ (मालकी बदलाच्या) फॉर्मवर सही करून ठेवा, गिऱ्हाईक मिळाले की नाव चढवू’ असे एजंट म्हणतो, तिथे विकणाराच अडकतो. आरसीवर ज्याचे नाव तो अपघाताच्या भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृततेचे प्रमाणपत्र घेण्याची तरतूद १ एप्रिल २०२३ पासून आहे. गाडी डीलरकडे ठेवणार असाल तर ते मागून बघा.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. थर्ड पार्टी भाग आपोआप सरकतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा सरकत नाही. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो विकणाऱ्याकडे राहतो आणि फरकाची रक्कम घेणाऱ्याने भरायची असते. जुना फास्टॅग विकणाऱ्याने बंद करायला हवा, कारण एका गाडीला एकच फास्टॅग चालतो आणि तो बंद झाल्याशिवाय नवा मिळत नाही.

दिल्लीच्या नंबरच्या गाड्या इथे दीड-दोन लाखांनी स्वस्त दिसतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आल्यापासून त्या बाहेर येतात. तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, इथे नव्याने नोंदणी आणि वयाप्रमाणे पुन्हा महाराष्ट्राचा कर, एवढे जोडून मग किंमत बघा. बहुतेक वेळा स्वस्ताई संपते.

किंमत ठरवताना विकणारा स्वतःचे जुने बिल दाखवतो. ते बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे तुलना आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीशीच करायची. डीलर जुन्या गाडीच्या पूर्ण किमतीवर १८ टक्के मागत असेल तर त्याला सांगा, की तो कर त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो. आणि व्यक्तीने व्यक्तीला घरगुती गाडी विकली तर जीएसटीच नसतो.

नवी गाडी घेणाऱ्यांचे काम सोपे, पण एक गोष्ट सोडू नये: गाडी नोंदणीच्या आधी, यार्डात, दिवसाच्या उजेडात तपासावी. नोंदणी झाली की ती परत करणे जवळजवळ अशक्य. फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना-साल असतो. डिसेंबरमधली सूट बहुधा त्या सालासाठीच असते, आणि विकताना तेच साल आड येते. यार्डसुद्धा पाण्यात जातात, म्हणून वर लिहिलेले कार्पेट नव्या गाडीतही उचलावे. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा दरवर्षी घेता येतो. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विकतानाच गोळा केलेला आयकर) घेतात, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. अनेक जण विसरतात. ‘हँडलिंग’ असा वेगळा आकडा कोटेशनवर दिसला तर तो कशाचा, ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर तो बऱ्याचदा गळून पडतो.

संपादक महोदय, यातल्या दोन गोष्टी घेणाऱ्याच्या हातात नाहीत. टोटल लॉस ठरलेल्या आणि पाण्यात गेलेल्या गाडीची नोंद विमा कंपनीकडून थेट परिवहन खात्याच्या पोर्टलवर चढावी आणि आरसीवर दिसावी, ही मागणी आपण लावून धरावी. दुसरी आपल्याच हातातली आहे. जुन्या गाडीची छोटी जाहिरात स्वीकारताना उत्पादनाचा महिना-साल, आरसीवरचा कितवा मालक, चालू पॉलिसीवरची बोनसची टक्केवारी आणि बँकेचा बोजा आहे-नाही, एवढे चार तपशील बंधनकारक करावेत. जाहिरातीत दोन ओळी वाढतील. त्यांचे पैसे विकणारा देईलच.

आपला,
एक वाचक (मोटार सर्व्हेअर), परळ, मुंबई